ऊतींतली आणि रक्तातली ओपिऑइड पेप्टाइडं कशी मोजायची: रॅटच्या पिंजऱ्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत

माझं पहिलं बीटा-एंडॉर्फिन काचेने गिळलं. बीटा-एंडॉर्फिन म्हणजे शरीरातच तयार होणारं, अफूसारखं काम करणारं पेप्टाइड, अमिनो आम्लांची छोटी साखळी. सकाळी मापून केलेलं स्टँडर्डचं द्रावण मी काचेच्या नळीत ठेवलं आणि दुपारी वापरलं. आलेख साफ झोपला. दोन आठवडे मी प्रतिपिंडाला, म्हणजे पेप्टाइड ओळखून पकडणाऱ्या अँटिबॉडीला, दोष देत राहिलो. नवी बाटली मागवायचं पत्रही तयार होतं. मग शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एक ज्येष्ठ बाई सहज आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नळी कशाची आहे रे?" हे पेप्टाइड 31 अमिनो आम्लांचं, त्यात लायसीन भरपूर, म्हणून त्यावर धन प्रभार असतो. पातळ द्रावणात ते काचेला जाऊन चिकटतं. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या घेतल्या, बफरमध्ये 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलं, आणि त्याच प्रतिपिंडाने सुरेख आलेख दिला.

असे आठवडे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितो आहे. एमएस्सीचा प्रकल्प असो की पीएचडी, "अमुक ऊतीत किती, रक्तात किती" हा विषय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात तुमचा आकडा दोन जागी ठरतो. एक म्हणजे प्राणी दगावल्यानंतरची किंवा रक्त काढल्यानंतरची पहिली काही मिनिटं. दुसरी म्हणजे तुमचं प्रतिपिंड पेप्टाइडचा नेमका कुठला तुकडा ओळखतं ती. बाकीच्या पायऱ्या नीट केल्या तर आकडा टिकतो, पण या दोन चुकल्या तर तो सुधारत नाही.

आधी नकाशा पक्का करा

नमुने घेण्याआधी कुठे काय सापडायला हवं हे ठाऊक असेल, तर चुकीचा आकडा समोर आल्याबरोबर खटकतो. म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

ओपिऑइड पेप्टाइडं मुख्यतः तीन मोठ्या प्रथिनांतून कापून निघतात. पहिलं प्रो-ओपिओ-मेलॅनोकॉर्टिन, ज्याला सगळे पॉमसी म्हणतात. त्यातून बीटा-एंडॉर्फिन येतं आणि त्याच प्रथिनातून एसीटीएच हे ताणात स्रवणारं संप्रेरकही. दुसरं प्रोएन्केफॅलिन. त्याच्या एका रेणूत मेट-एन्केफॅलिनचे चार तुकडे, लेउ-एन्केफॅलिनचा एक, आणि शेपटाला दोन-तीन अमिनो आम्लं जास्त असलेली मेट-एन्केफॅलिनची दोन लांब रूपं असतात. तिसरं प्रोडायनॉर्फिन, ज्यातून डायनॉर्फिन ए, डायनॉर्फिन बी आणि निओएंडॉर्फिनं निघतात. या सगळ्यांची सुरुवात सारखीच: टायरोसीन, ग्लायसीन, ग्लायसीन, फेनिलअ‍ॅलनीन, आणि पाचव्या जागी मेथिओनीन किंवा ल्युसीन. हे साम्य लक्षात ठेवा. पुढे प्रतिपिंड निवडताना हेच तुम्हाला फसवतं.

एन्केफॅलिनं 1975 साली ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टर्लिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून वेगळी केली. मोजणीसाठी त्यांच्याकडे प्रतिपिंड नव्हतं. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा आणि उंदराची शुक्रवाहिनी विजेच्या झटक्यांनी आकुंचन पावतात. अर्क घातल्यावर ते आकुंचन कमी होतं का, आणि नॅलोक्सोन हे ओपिऑइडांना रोखणारं औषध दिल्यावर परत येतं का, एवढ्यावर त्यांनी मार्ग काढला. मला आजही ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण ती थेट परिणाम मोजते. पुढच्या वर्षी चो हाओ ली आणि डेव्हिड चुंग यांनी उंटाच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथींतून बीटा-एंडॉर्फिन काढलं. डायनॉर्फिनचं वर्णन 1979 मध्ये ॲव्रम गोल्डस्टाइन यांच्या गटाने केलं.

आता रॅटच्या शरीरातला पसारा. बीटा-एंडॉर्फिनचं माहेर पीयूषिका ग्रंथी. रॅटमध्ये या ग्रंथीचा मधला खंड चांगला ठळक असतो आणि पॉमसीने गच्च भरलेला असतो. प्रौढ माणसात तो जवळपास नामशेष. त्यामुळे रॅटच्या पीयूषिकेचा आकडा माणसाला लावता येत नाही. मेंदूत पॉमसीच्या पेशी मुख्यतः हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकात आणि थोड्या मेंदूच्या देठातल्या एका केंद्रकात असतात. त्यांचे तंतू लांबवर जातात. म्हणून हायपोथॅलॅमसमध्ये बीटा-एंडॉर्फिन भरपूर मिळतं, स्ट्रायटम आणि हिप्पोकॅम्पसमध्ये अगदी थोडं.

एन्केफॅलिनं याच्या उलट सर्वदूर पसरलेली. ग्लोबस पॅलिडसमध्ये सर्वांत जास्त, स्ट्रायटममध्ये भरपूर, मेरुरज्जूच्या मागच्या शिंगात, आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींच्या जाळ्यात. अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या गाभ्यात ती ॲड्रिनलिनसारख्या कॅटेकोलामाइनांच्या जोडीने साठवली जातात आणि त्यांच्याबरोबरच बाहेर पडतात. पण इथे प्राण्याची जात महत्त्वाची. गाईबैलांच्या अधिवृक्कात एन्केफॅलिन खूप असतं. रॅटच्या अधिवृक्कात ते फारच कमी सापडतं, आणि ग्रंथीकडे येणारी चेता कापली तर काही दिवसांत वाढतं. म्हणून रॅटचा अधिवृक्क रिकामा निघाला तर घाबरू नका, तसाच यायला हवा.

डायनॉर्फिन पीयूषिकेच्या मागच्या खंडात व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्याच तंतूंत असतं. हिप्पोकॅम्पसच्या शेवाळी तंतूंत, हायपोथॅलॅमसमध्ये, स्ट्रायटममध्ये आणि मेरुरज्जूतही मिळतं.

एक सापळा सांगून ठेवतो. रॅटच्या हृदयात प्रोएन्केफॅलिनचा आरएनए बराच सापडतो, तयार पेप्टाइड मात्र त्या मानाने फार थोडं. पीसीआरचा, म्हणजे आरएनएचा, आकडा पाहून "इथे एन्केफॅलिन आहे" असं लिहू नका.

पायरी 1: परवानगी आणि प्रश्न

प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची, म्हणजे आयएईसीची, मंजुरी आधी लागते. ही व्यवस्था 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राच्या समितीने घालून दिली आहे. ही समिती पूर्वी सीपीसीएसईए होती, आता सीसीएसईए म्हणतात. अर्जात प्राण्यांची संख्या का इतकीच, मारण्याची पद्धत का हीच, हे स्पष्ट लिहा. शिरच्छेदाला वैज्ञानिक कारण द्यावंच लागतं. इथे ते खरं आहे, कारण बेशुद्धीची औषधं पीयूषिकेतून होणारा स्राव बदलतात. पण ते काम प्रशिक्षित माणसानेच करायचं.

खूण म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन-125 वापरणार असाल, तर प्रयोगशाळेला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आहे ना हे पाहा. त्याचा अर्धायुष्यकाल साधारण 60 दिवसांचा. ट्रेसर (ही खूण लावलेलं पेप्टाइड) आला की मोजणीचे आठवडे दिनदर्शिकेवर लगेच टाका.

सराव करायचा असेल तर बकऱ्याच्या पीयूषिका आणि अधिवृक्क ग्रंथी परवानाधारक कत्तलखान्यातून मिळू शकतात. संस्थेला विचारून आणा. अर्क काढणं, शुद्धीकरणाचं कार्ट्रिज चालवणं, किती पेप्टाइड परत हाती येतं तो परतावा तपासणं, हे सगळं त्यावर शिकता येतं आणि एकही रॅट विनाकारण खर्ची पडत नाही. पहिले दोन महिने असेच घालवा असं मी प्रत्येकाला सांगतो.

पायरी 2: वेळ आणि हाताळणी

बीटा-एंडॉर्फिन एसीटीएचच्या जोडीने पीयूषिकेतून बाहेर पडतं. रॉजर गिएमाँ यांच्या गटाने 1977 मध्ये रॅटवरच हे दाखवलं. त्यामुळे तणावाने एसीटीएच वाढलं की तेही वाढतं. पिंजरा खोलीबाहेर नेणं, अनोळखी हात, शेजारच्या रॅटच्या रक्ताचा वास, यातलं काहीही पुरेसं. नियंत्रण गटाचा आकडा मग विश्रांतीचा राहत नाही, भीतीचा होतो.

म्हणून आठवडाभर आधीपासून रोज त्याच माणसाने प्राणी हातात घ्यावेत. मारण्याची जागा वेगळ्या खोलीत असावी. एका वेळी एकच प्राणी न्यावा. पिंजऱ्यातून उचलल्यापासून रक्त गोळा होईपर्यंत अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जाऊ नये. दिवसातली वेळही एकच ठेवा, कारण एसीटीएच आणि बीटा-एंडॉर्फिन दोन्हींना दिवस-रात्रीचा ताल आहे, आणि रॅट निशाचर असल्यामुळे त्याचा ताल माणसाच्या उलटा. एक गट सकाळी आणि दुसरा संध्याकाळी घेतला, तर फरक औषधाचा की घड्याळाचा हे कुणालाही सांगता येणार नाही. प्रत्येक दिवशी सगळ्या गटांतले थोडे थोडे प्राणी घ्या.

पायरी 3: रक्त

रॅटच्या शरीरात दर किलोला साधारण 64 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे 250 ग्रॅमच्या रॅटमध्ये 16 मिलिलिटरच्या आसपास. त्यातलं निम्मं हाती आलं तरी नशीब, आणि प्लाझ्मा त्याच्याही निम्मा. प्रत्येक थेंब मोजून वापरा.

पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या आदल्या रात्रीच ईडीटीए (रक्त गोठू न देणारा पदार्थ) घालून बर्फात ठेवा. आता सर्वांत जास्त होणारी चूक. बहुतेक जण सवयीने दर मिलिलिटर रक्ताला 500 युनिट ॲप्रोटिनिन घालतात आणि काम झालं असं समजतात. बीटा-एंडॉर्फिनला त्याचा उपयोग आहे. पण ॲप्रोटिनिन सेरीन गटातल्या एन्झाइमांना अडवतं, आणि एन्केफॅलिन तोडणारी एन्झाइमं त्या गटातली नाहीतच. अमिनोपेप्टिडेज पहिलं टायरोसीन उडवतं, नेप्रिलायसिन ग्लायसीन आणि फेनिलअ‍ॅलनीनच्या मधला बंध तोडतं, एसीई हे तिसरं एन्झाइमही हात मारतं. पहिलं टायरोसीन गेलं की ओपिऑइड गुणधर्म संपला. एन्केफॅलिन मोजायचं असेल तर बेस्टॅटिन, थायॉर्फन आणि कॅप्टोप्रिल अशी तिन्ही कुलपं लागतात, आणि प्लाझ्मा वेगळा होताक्षणी थंड आम्लात मिसळावा लागतो. रॅटच्या प्लाझ्मात उघडं मेट-एन्केफॅलिन फार थोडा वेळ टिकतं. रक्त बाजूला ठेवून चहा पिऊन येणाऱ्याला ते सापडत नाही.

नळी हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलटी करा, जोरात हलवू नका. 4 अंशांवर, 1,600 जी वेगाने 15 मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. प्लाझ्मा लालसर दिसला तर तो नमुना बाद करा आणि वहीत तसं लिहा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातली पेप्टिडेजं प्लाझ्मात उतरतात. मग अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे वाटे करून उणे 80 अंशांत ठेवा. एकदा वितळलेला वाटा पुन्हा गोठवू नका.

पायरी 4: ऊती

प्राणी गेल्यावर मेंदूतली एन्झाइमं कामच करत असतात. काही पेप्टाइडं तुटतात, काही मोठ्या तुकड्यांतून नव्याने तयारही होतात. उत्तम उपाय म्हणजे डोक्यावर केंद्रित मायक्रोवेव्हचा झोत. एक-दोन सेकंदांत मेंदू इतका तापतो की एन्झाइमं जागीच मरतात. त्यासाठी प्रयोगशाळेचं खास यंत्र लागतं. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह इथे चालत नाही, आणि प्राण्याच्या दृष्टीने तो क्रूरपणाही आहे. हे यंत्र फार थोड्या ठिकाणी असतं. ते नसेल तर वेग हाच आधार.

मेंदू बाहेर काढून थंड धातूच्या पाटीवर ठेवा. मोठे भाग हाताने वेगळे करण्याची 1966 ची ग्लोविन्स्की आणि आयव्हरसन यांची पद्धत आजही पुरते: हायपोथॅलॅमस, स्ट्रायटम, हिप्पोकॅम्पस, मध्यमेंदू, मेंदूचा देठ, कॉर्टेक्स. आर्क्युएट केंद्रक किंवा ग्लोबस पॅलिडससारखे लहान भाग हवे असतील, तर गोठवलेल्या मेंदूचे 300 मायक्रोमीटरचे काप करून पोकळ सुईने गोल टिकल्या काढा. ही पाल्कोविट्सची युक्ती, आणि तिला हात बसायला वेळ लागतो.

पीयूषिका जेमतेम 10 मिलिग्रॅमची, पण तिचे खंड वेगळे करा. मधला आणि मागचा खंड एकमेकांना चिकटून निघतात, तेवढं चालेल, पुढचा मात्र स्वतंत्र ठेवा. रॅटच्या मधल्या खंडातलं बरंच बीटा-एंडॉर्फिन एका टोकाला ॲसिटिल गट लागलेलं असतं, काही शेपटाकडून कापलेलंही असतं. ॲसिटिल गट टायरोसीनवर बसला की ते ओपिऑइड ग्राहकाला चिकटतच नाही. शेपूट ओळखणारं प्रतिपिंड मात्र ॲसिटिल लागलेलं अखंड पेप्टाइड आनंदाने मोजतं. सगळी ग्रंथी एकत्र दळली तर तुमच्या आकड्यातला मोठा भाग निष्क्रिय असेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

प्रत्येक तुकडा आधीच वजन केलेल्या नळीत टाका, पटकन वजन घ्या आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवा. वजन ओल्या ऊतीचं, गोठवण्याआधीचं. नंतर दंव चढतं आणि वजन खोटं होतं.

पायरी 5: अर्क

गोठलेला तुकडा वितळू न देता थेट 95 अंशांच्या 1 मोलर ॲसिटिक आम्लात टाका. 10 मिनिटं तसंच ठेवा. उष्णतेने एन्झाइमं मरतात, आम्लात पेप्टाइडं विरघळतात, मोठी प्रथिनं साखळतात. बर्फात गार करा, सोनिकेटरने फोडा, 4 अंशांवर 15,000 जी वेगाने 20 मिनिटं फिरवा. वरचं द्रावण घ्या. खालचा साका फेकू नका. तो सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून त्यातलं प्रथिन मोजा. दर मिलिग्रॅम प्रथिनामागे किती, हा आकडा काढायला तोच लागणार.

मेथिओनीनचा एक त्रास इथेच सुरू होतो. हवेतल्या ऑक्सिजनने मेट-एन्केफॅलिनचं सल्फॉक्साइड होतं आणि पुष्कळ प्रतिपिंडं ते ओळखत नाहीत. दोन मार्ग आहेत: ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घालणं, किंवा सगळे नमुने आणि सगळी स्टँडर्डं हायड्रोजन पेरॉक्साइडने मुद्दाम पूर्ण ऑक्सिडाइझ करून सल्फॉक्साइड ओळखणारं प्रतिपिंड वापरणं. मला दुसरा मार्ग आवडतो. अर्धवट स्थितीपेक्षा पूर्ण स्थिती मोजायला बरी.

पायरी 6: सी-18 कार्ट्रिज

प्लाझ्मा कधीही थेट मोजू नका. त्यातली प्रथिनं आणि क्षार प्रतिपिंडाच्या बंधनात ढवळाढवळ करतात, आणि ती ढवळाढवळ नेमकी पेप्टाइडसारखीच दिसते. "अर्क न काढता चालतं" असं किटच्या पत्रकावर लिहिलेलं असलं तरीही.

कार्ट्रिज म्हणजे पेप्टाइडं धरून ठेवणाऱ्या पदार्थाने भरलेली लहान नळी. तिच्यावर आधी 5 मिलिलिटर मिथेनॉल, मग 5 मिलिलिटर 0.1 टक्का टीएफए (ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल). इथून पुढे नमुना चढेपर्यंत ते कोरडं पडू द्यायचं नाही. आम्ल घातलेला नमुना थेंब-थेंब चढवा. टीएफएने धुवा. धुताना ॲसिटोनायट्राइल घालायचंच असेल तर 5 टक्क्यांपर्यंतच, कारण एन्केफॅलिनं लहान आहेत आणि लवकर सुटतात. शेवटी 60 टक्के ॲसिटोनायट्राइल आणि 0.1 टक्का टीएफए, असं 3 मिलिलिटर सोडून पेप्टाइडं पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत उतरवून घ्या. निर्वातात वाळवा.

प्रत्येक खेपेत तीन नळ्या जादा चालवा. एकीत फक्त बफर. दुसरीत कोळशाने पेप्टाइड काढून टाकलेला प्लाझ्मा. तिसरीत त्याच प्लाझ्मात माहीत असलेलं प्रमाण मिसळलेलं. तिसरीतून किती टक्के परत आलं ते म्हणजे तुमचा परतावा. त्याशिवाय शेवटचा हिशेब होत नाही.

पायरी 7: मोजणी आणि तिची परीक्षा

रेडिओइम्युनोअ‍ॅसे (किरणोत्सर्गी ट्रेसर वापरून प्रतिपिंडाने मोजण्याची पद्धत) असेल तर नमुना, प्रतिपिंड आणि साधारण 10,000 काउंटचा ट्रेसर, प्रत्येकी 100 मायक्रोलिटर, आणि 4 अंशांवर एक-दोन दिवस. एलिसा (प्रतिपिंडानेच, पण रंगावरून मोजणारी चाचणी) असेल तर किटची पद्धत. ही पायरी पत्रक वाचून कुणालाही जमते. अवघड आहे ते प्रतिपिंड ओळखणं.

त्याला तीन प्रश्न विचारा. पहिला, ते कुठलं टोक पाहतं? बीटा-एंडॉर्फिनची शेपूट पाहणाऱ्या प्रतिपिंडाला बीटा-लिपोट्रोपिनही तेवढंच दिसतं, कारण बीटा-एंडॉर्फिन हा त्याचाच शेवटचा तुकडा. प्लाझ्मात दोन्ही असतात. दुसरा, ते कुठल्या प्राण्याच्या पेप्टाइडवर केलं आहे? माणसाच्या बीटा-एंडॉर्फिनमध्ये 27 व्या जागी टायरोसीन आणि 31 व्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं, रॅटमध्ये हिस्टिडीन आणि ग्लुटामीन. माणसासाठी केलेलं प्रतिपिंड रॅटला कमी लेखू शकतं. एन्केफॅलिनांत हा प्रश्न नाही, ती दोघांत हुबेहूब सारखी. तिसरा, लेउ-एन्केफॅलिन ओळखणारं प्रतिपिंड डायनॉर्फिनकडेही वळतं का? आणि ते फक्त लेउ-एन्केफॅलिनच पाहत असलं, तरी ते लेउ-एन्केफॅलिन प्रोएन्केफॅलिनमधून आलं की प्रोडायनॉर्फिनमधून हे कळत नाही. प्रोएन्केफॅलिनचीच खात्री हवी असेल तर मेट-एन्केफॅलिन-आर्जिनीन-फेनिलअ‍ॅलनीन हे सात अमिनो आम्लांचं रूप मोजा. ते फक्त तिथूनच येतं.

मग समांतरता. एका नमुन्याच्या दुप्पट, चौपट, आठपट पातळ पायऱ्या करून मोजा. त्यांची रेषा स्टँडर्डच्या रेषेला समांतर हवी. नसेल, तर तुम्ही दुसरंच काहीतरी मोजताय. दर दहा-बारा नमुन्यांतला एक तरी एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर) चालवा, मिनिटामिनिटाचे अंश गोळा करा, प्रत्येक अंश मोजा. शिखर खऱ्या पेप्टाइडच्या वेळेवर यायला हवं. बीटा-लिपोट्रोपिन वेगळं करायचं असेल तर रेणू आकारानुसार वेगळे करणारं सेफाडेक्स जी-50 पुरतं, कारण ते सुमारे 10,000 डाल्टनचं आणि बीटा-एंडॉर्फिन साडेतीन हजाराच्या आतबाहेर.

आमच्या एका तुकडीत तणावग्रस्त गटाचं "बीटा-एंडॉर्फिन" छान वाढलेलं दिसलं. गट खुशीत होता. सेफाडेक्सवर चालवल्यावर त्यातला बराच भाग मोठ्या रेणूच्या जागी उतरला. माहिती वाया गेली नाही, कारण पीयूषिकेतून काय बाहेर पडतं हेच त्यातून कळलं. पण आधीचा मथळा बदलावा लागला.

मास स्पेक्ट्रोमेट्री हाताशी असेल तर लहान पेप्टाइडांसाठी तीच वापरा. वस्तुमान आणि प्रभाराच्या गुणोत्तराच्या पट्टीवर मेट-एन्केफॅलिन 574.2 वर, लेउ-एन्केफॅलिन 556.3 वर, आणि मेटचं सल्फॉक्साइड 590.2 वर दिसतं. म्हणजे किती ऑक्सिडाइझ झालं हेही त्याच चालीत कळतं. काही यंत्रांत वस्तुमान जुळवायला लेउ-एन्केफॅलिनच सतत सोडलेलं असतं. यंत्र चालवणाऱ्याला आधी विचारा, नाहीतर प्रत्येक नमुन्यात लेउ-एन्केफॅलिन सापडेल.

ऊतीत नेमकं कुठल्या पेशीत, हे पाहायचं तर कापांवर प्रतिपिंडाने रंगवा. पेशींची धडं फिकी दिसतात, कारण पेप्टाइड तयार होऊन तंतूंच्या टोकांकडे जातं. धडं उजळण्यासाठी कोल्चिसीन हे औषध देऊन ती वाहतूक अडवतात. पण तो प्राण्यावर स्वतंत्र ताण आहे, त्या प्राण्यांचे नमुने मोजणीत मिसळू नका.

पायरी 8: हिशेब

इथे कल्पित आकडे घेऊन दाखवतो. स्ट्रायटमचा तुकडा 40 मिलिग्रॅम, अर्क 1 मिलिलिटर. त्यातलं 0.8 मिलिलिटर कार्ट्रिजवर चढवलं, वाळवून 0.5 मिलिलिटर बफरमध्ये घेतलं, आणि 500 पट पातळ केलं. 100 मायक्रोलिटरमध्ये 8 फेमटोमोल मेट-एन्केफॅलिन वाचलं.

म्हणजे पातळ द्रावणात मिलिलिटरला 80 फेमटोमोल. गुणिले 500, म्हणजे 40,000. अर्धा मिलिलिटर होतं, म्हणून 20,000. हे 0.8 मिलिलिटर अर्कातलं, पूर्ण अर्कात 25,000. परतावा 80 टक्के असेल तर 31,250. भागिले 40, म्हणजे दर मिलिग्रॅमला 781 फेमटोमोल. ग्रॅमच्या भाषेत 781 पिकोमोल.

आता प्लाझ्मातलं बीटा-एंडॉर्फिन. 2 मिलिलिटर प्लाझ्मा, वाळवून 250 मायक्रोलिटरमध्ये, न पातळ करता 100 मायक्रोलिटरमध्ये 4 फेमटोमोल. सगळ्यात मिळून 10. परतावा 75 टक्के, म्हणून 13.3. भागिले 2, म्हणजे मिलिलिटरला 6.7 फेमटोमोल.

दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. एकीकडे अर्क 500 पट पातळ करावा लागला, दुसरीकडे प्लाझ्मा आठपट दाट करूनही कसंबसं वाचलं. ऊतीच्या मोजणीत 5 टक्के चूक खपून जाते. प्लाझ्मात तुम्ही मोजणीच्या तळाशी उभे असता, तिथे कोऱ्या नळीचा आकडाही बोलू लागतो. आलेखाच्या तळापेक्षा खाली आलेल्या नमुन्याला शून्य लिहू नका, "मोजमर्यादेखाली" असं लिहा.

पायरी 9: काय लिहायचं, काय नाही

वेगळं करून ओळख पटवलेली नसेल तर "बीटा-एंडॉर्फिन" असं थेट लिहू नका, "बीटा-एंडॉर्फिनसदृश प्रतिक्रियाशीलता" असं लिहा. शब्द लांब आहे, पण खरा आहे.

रक्तातला आकडा मेंदूचा म्हणून खपवू नका. विश्रांतीत रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मुख्यतः पीयूषिकेतलं असतं. ग्रंथी काढली की ते घसरतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने पुढच्या खंडातला स्राव दबतो, आणि नियंत्रणासाठी तो गट ठेवणं फार उपयोगी. रक्त आणि मेंदूच्या मधली भिंत अशी पेप्टाइडं सहज ओलांडू देत नाही. "पळाल्यावर रक्तात एंडॉर्फिन वाढलं म्हणून मन प्रसन्न झालं" हे वाक्य वर्तमानपत्रात कितीदा तरी येतं. रक्तातली वाढ खरी असू शकते, पण त्यावरून हायपोथॅलॅमसमध्ये काय चाललंय हे कळत नाही.

ऊतीतला आकडासुद्धा साठ्याचा असतो. औषधानंतर स्ट्रायटममधलं मेट-एन्केफॅलिन वाढलं, तर निर्मिती वाढली असेल किंवा स्राव थांबून माल तुंबला असेल. दोन्ही शक्यता लिहा. निवाडा करायचा असेल तर त्याच भागातला आरएनए मोजा, किंवा मायक्रोडायलिसिसने (जिवंत मेंदूत बसवलेल्या बारीक नळीने) बाहेर पडणारं पेप्टाइड पकडा.

आणि उरलेला वाळवलेला अर्क टाकू नका. तारीख, प्राण्याचा क्रमांक, ऊती, वजन, किती भाग वापरला, ऑक्सिडाइझ केलं की नाही, एवढं न पुसणाऱ्या शाईने नळीवर लिहा आणि उणे 80 अंशांत ठेवा. परीक्षक सहा महिन्यांनी विचारतो, "हे अखंड रेणूच होते कशावरून?" तेव्हा त्या नळ्या काढून एचपीएलसीवर चालवता येतात. नव्याने एकही रॅट मारावा लागत नाही.